शेवटच्या सीटमागचं बटण

शेवटचं मूल शाळेत उतरलं की
मी बसच्या टोकापर्यंत चालत जाते.
नियमच आहे तसा शारजात.
एकेक सीट वाकून बघायची,
कुणी झोपून राहिलं नाही ना.
बंद बस, इथलं ऊन…
ट्रेनिंगला साहेब इथवर बोलले आणि पाणी प्यायले.
मग मागचं लाल बटण दाबायचं.
तोवर बस कोकलत राहते.

डबा तसाच वाकताना सापडला.
डाव्या रांगेत, सीटखाली, पायानं आत सारलेला.
स्टीलचा. झाकणावर कोरलेलं :
चि. निहिरास, आजोळकडून.
आत थालीपीठ,
मधल्या भोकात लोण्याचा गोळा विरघळत चाललेला.

आमच्या खोलीत आठ बायका, गॅसला नंबर.
माझा नंबर लागायच्या आत व्हॅन येते.

थालीपीठ मी खाल्लं.
डबा घासला, पुसला,
दुपारी तिच्या दप्तरात सरकवला.
तिनं पाहिलं. बोलली नाही.
मीही नाही.

दुसऱ्या दिवशी घावन होतं.

किती दिवस, ते विचारू नका.
जूनमध्ये ती स्वेटर घालून यायला लागली,
मला वाटलं एसी लागत असेल.
केसांचं रबर तीन वेढ्यांत बसायचं,
ते पाच घ्यायला लागलं.
उडी मारून चढणारी पोर
दांडी धरून एकेक पायरी.
हे सगळं मी बघत होते
आणि रोज सकाळी माझं पोट भरत होतं.

मागच्या सीटवरून हसू यायचं,
एका फोनातून दुसऱ्यात, सरकत सरकत पुढे.
पोरं हसतात म्हणून एकदा मीही हसले.
मग दुसरीतल्या झोरावरनं बहिणीचा फोन माझ्यापुढे धरला :
निहिरा. याच बसमध्ये.
घास घेताना. तोंड उघडं, डोळे मिटलेले,
आणि त्यावर म्हशीचं रेकणं जोडलेलं.
खाली बरंच काही इंग्रजीत.
मला अक्षरं लागतात, अर्थ लागत नाही.
हसरी पिवळी तोंडं तेवढी मोजता आली असती.
मोजली नाहीत.

माझी आई मला पदराआड भरवायची,
घासाला दृष्ट लागते म्हणून.
या पोरीच्या एका घासावर
अख्ख्या शाळेची नजर.

मागे रमजानात म्हणाली होती,
मैत्रिणी रोजे धरतात, मीपण धरते.
शाळेत कुणी विचारलं नाही.
आमचा ड्रायव्हर गुलजमान, कधी मागे वळून न बघणारा,
आरशातूनच म्हणाला,
रोजा मगरीबला सुटतो, बहेन.
या बच्चीचा कधी सुटतो?

तरी मला अजून नऊ दिवस लागले.

अल नाहदाच्या बिल्डिंगखाली तिची आई आली,
गळ्यात बँकेचं कार्ड तसंच.
म्हणाली, अहो, डबा तर रोज रिकामा येतो.
मी म्हटलं, तो मी रिकामा करत होते.

तिनं माझ्याकडे नाही, डब्याकडे बघितलं.
मग तिथेच, गरम फरशीवर, बसली.
ओरडली असती तर बरं झालं असतं.

आता बुधवारी निहिरा उशिरा येते, दवाखान्यातून.
फोन गोळा झाले, दोन मुलांची बस बदलली,
हसू बदललं का, माहीत नाही.
ती पुढे बसते, माझ्याशेजारी.
डबा मांडीवर. कधी दोन-दोन थांबे झाकणावर नुसता हात.
मग मी उठून उभी राहते,
तिच्या आणि बसच्या मध्ये,
ओढणी जरा पसरून.
चालत्या बसमध्ये उभं राहणं नियमात बसत नाही.
गुलजमान गाडी हळू घेतो.

पाठीमागे झाकण वाजतं.
उघडलं की लावलं,
वाकून बघायची सवय आहे माझी.
बघत नाही.